काळ्या रानातलं धोतर

आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कमेंटमध्ये कुणी टोमणे मारायला नकोत. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आमच्या घरी लिंबू-मिरची फक्त लोणच्यात पडते. या ग्रुपवरचे अनुभव मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि मधेच "अरे किती फेकतोय हा!" म्हणून हसायचो. आता माझी पाळी आहे. हसा खुशाल, मला राग येणार नाही.

माझ्या अनुभवात भूत नाही, पिंपळ नाही, अमावास्या तर नाहीच. एप्रिलमधला रविवार, सकाळचे सव्वाअकरा, टळटळीत ऊन. आणि ज्या माणसाबद्दल हे आहे तो माणूस ठणठणीत जिवंत आहे. परवाच त्यांनी फोन करून "आंबं धाडल्यात, अढी घाल, कच्चंच कापू नगंस" असा मला दम भरलाय. ते म्हणजे आमचे तात्या, माझे थोरले चुलते. वय ऐंशीच्या घरात.

आणखी एक. यात चूक माझी आहे, शंभर टक्के माझी. ती झाकून ही गोष्ट सांगताच येत नाही, म्हणून दोन वर्षं लिहिलं नाही.

मी तेव्हा बारामतीला विमान चालवायला शिकवायचो. इन्स्ट्रक्टर. कुठल्या संस्थेत ते विचारू नका, त्यांचा यात काडीचा दोष नाही. मी मूळ त्याच भागातला. सणसरच्या पुढं, कालव्याच्या कडेला आमची वस्ती. आज्यापर्यंत सगळे मेंढरांमागं हिंडले. तात्यांनी मेंढरं विकून बैलगाडी केली आणि उमेदीची सगळी वर्षं कारखान्यावर ऊस वाहिला. पुतण्या विमान उडवतो याचं त्यांना इतकं कौतुक, की वस्तीवर पाहुणा आला की चहाच्या आधी माझा विषय निघायचा. "आमचा नंदू इमान हाकतो," म्हणायचे.

इथली एक रीत सांगायला पाहिजे. आमच्या भागातलं कुणी पोरगं उडायला शिकलं की घरचे एकच मागणं मागतात — "एकदा वस्तीवरनं ने की रं!" पण वरून वस्ती ओळखायची कशी? खाली नुसता ऊस. मधे एखादा स्लॅब, दोन पत्र्याचे गोठे, चार नारळ... सगळ्या वस्त्या सारख्याच. म्हणून घरचे स्लॅबवर पांढरं धोतर अंथरतात आणि चार कोपऱ्यांवर विटा ठेवतात. वरून ते लख्ख दिसतं. मग पोरगं खाली येऊन एक घिरटी मारतं, पंख हलवतं, खालचे टॉवेल उडवतात, म्हाताऱ्या डोळे पुसतात. नियमात हे बसत नाही. सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. मी शिकत होतो तेव्हा मीही केलं. इन्स्ट्रक्टर झाल्यावर मात्र पोरांना त्याच्यावरून यथेच्छ शिव्या घातल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

तर त्या शनिवारी तात्यांचा फोन आला. दत्तादादाच्या, म्हणजे तात्यांच्या मुलाच्या, लेकीला मुलगी झाली होती. पोरगी बाळंतपणाला माहेरी आलेली, त्यामुळे बारसं वस्तीवरच.

"नंदू, उद्या बारसं हाय. येतूयास न्हवं?"

"तात्या, सकाळी फ्लाइंग आहे हो. संध्याकाळी येतो."

"मग सकाळच्याला वरनं ये."

"अहो, आता तसं चालत नाही. मीच पोरांना ओरडतो त्याबद्दल."

"एकदाच ये. पणतीला दावतो, बघ तुझा आज्जा इमान हाकतो म्हणून. धोतर आथरतो स्लॅबवर. आरं, किती दिस ऱ्हायल्यात माझं?"

हे त्यांचं ब्रह्मास्त्र. दहा वर्षं तेच काढतायत. मी म्हणालो, बघतो.

रविवारी माझ्याबरोबर ऋतुजा होती. विशीतली पोरगी, हुशार, हात हलका. विमान दोन सीटचं, शेजारी-शेजारी बसायचं. त्याला हवाई कसरती करायची परवानगी होती आणि मी त्या कसरतींचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला माणूस. त्या दिवशीचा धडा काय होता माहितीये? स्टॉल आणि स्पिन. म्हणजे असं — विमानाचं नाक वाजवीपेक्षा जास्त ओढलं की पंख हवा सोडतो. एक पंख आधी पडतो आणि विमान गरगर फिरत खाली जायला लागतं. त्यावर मुख्य उपाय एकच. काठी, म्हणजे कंट्रोल स्टिक, पुढं ढकलायची. ओढायची नाही, ढकलायची. पण समोर जमीन दिसायला लागली की माणसाचा हात ओढतोच. म्हणून हा सराव भिगवणच्या पाण्यावर, चांगल्या उंचीवर करायचा. चुकलं तरी सावरायला जागा असते.

तिनं सहा वेळा केलं, सहाही वेळा बरोबर. मी वर तिला लेक्चर दिलं. "ऋतुजा, डोक्याला माहीत असणं वेगळं आणि हाताला माहीत असणं वेगळं." काय रुबाबात म्हणालो होतो...

परतताना मी कंट्रोल घेतला आणि नाक दक्षिणेला धरलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "सर, बारामती उजवीकडे राहिली."

"माहितीये. दोन मिनिटांचं काम आहे. बारसं आहे आमच्याकडे."

ती हसली. मी खाली आलो. जमिनीपासून पाचशे फूट असेल.

कालवा दिसला, आमचे नारळ दिसले, अंगणातला गुलाबी-पांढरा मांडव दिसला. पण धोतर मांडवाजवळ नव्हतं. ते होतं अर्धा किलोमीटर अलीकडे, रानात. त्या तुकड्यातला ऊस तुटून गेला होता आणि पाचट पेटवल्यामुळे रान काळंकुट्ट झालं होतं. त्या काळ्यावर पांढरं धोतर असं उठून दिसत होतं की काय सांगू! आणि धोतराच्या कडेला तात्या उभे. पांढरा सदरा, तांबडं पागोटं. एका पायावर भार टाकून उभं राहायची ती त्यांची ढब मी हजारात ओळखीन.

"ते बघ आमचे तात्या," मी म्हणालो.

"दिसले सर. हात करतायत."

मला वाटलं, म्हातारा हुशार. काळ्यावर पांढरं जास्त दिसणार म्हणून स्लॅब सोडून इथं अंथरलं. स्लॅबकडे मी बघितलंसुद्धा नाही. खरं सांगतो, घिरटी मी मांडवावरच घालणार होतो. धोतर दिसलं म्हणून रानावर आलो.

साधी घिरटी मारली असती तर काही झालं नसतं. पण पणतीचं बारसं, तात्या बघतायत, शेजारी शिकणारी पोरगी... अंगात आलं. विंगओव्हर करायचं ठरवलं. नाक वर घ्यायचं, मग विमान कुशीवर टाकायचं, नाक आपोआप खाली पडतं आणि आलो त्याच दिशेला परत जातो. बघायला झकास, करायला सोपं. मी शेकड्यानं केलेत. पण वर केलेत, भरपूर उंचीवर, समोर नजर ठेवून. इथं उन्हानं हवा पातळ झालेली आणि मी मान वळवून खाली धोतराकडे बघत होतो. वळण लांब जातंय असं वाटलं म्हणून काठी आणखी ओढली. अजून थोडी ओढली.

सीट थरथरली. तो इशारा असतो. तो इशारा मी पोरांना रोज शिकवायचो, आणि मीच ओलांडला. डावा पंख पायाखालची फळी काढून घ्यावी तसा गेला. पुढच्या क्षणी आकाश नव्हतंच. समोरच्या काचेत फक्त काळं रान, आणि ते फिरत होतं.

उंची किती होती सांगता येणार नाही. आठशे फूट फार तर. एवढ्यात माणूस सावरत नाही, हे मी स्वतः फळ्यावर लिहून दाखवलेलं. ऋतुजानं एकदा "सर!" म्हटलं. मला सगळं माहीत होतं. काठी पुढं, आणि फिरण्याच्या उलट बाजूचा पाय दाबायचा. डोकं ओरडत होतं, पुढं ढकल, पुढं ढकल... आणि माझे दोन्ही हात काठी पोटाशी ओढून धरत होते. मी ओढत होतो! तोंडात आईचं नाव, आणि सगळी ताकद लावून ओढत होतो. शेजारी कुणाची तरी लेक बसलीय आणि आपण तिला मारतोय, एवढंच कळत होतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

रान एक फेरी फिरलं आणि धोतर परत समोर आलं. आता मोठं. त्याच्या कडेचे तात्या आता स्पष्ट दिसले. वर तोंड केलेलं. हात हलवत नव्हते. त्यांनी दोन्ही मुठी छातीजवळ धरल्या होत्या आणि त्या एकदम पुढं टाकल्या, बोटं उघडत. परत तेच. मुठी छातीशी, आणि पुढं.

ती खूण मला माहीत होती. मी नऊ वर्षांचा असताना तात्यांच्या उसाच्या गाडीवर बसलो होतो, हट्टानं कासरा हातात घेऊन. कालव्याच्या उतारावर बैल उधळले. मी घाबरून कासरा जिवाच्या आकांतानं ओढला. ओढीन तशी बैलांची मान एका अंगाला वळायला लागली आणि गाडी कालव्याकडं कलायला लागली. तात्या मागं मोळ्यांवर होते. त्यांनी मागून माझ्या हातांवर हात घालून दोन्ही मुठी पुढं टाकल्या. "सैल सोड! वढशील तेवढा उधळतो त्यो! सैल सोड!" कासरा सैल पडला तशी बैलांनी मान सरळ केली आणि गाडी रस्त्यावर आली.

माझे हात पुढं गेले. मी नेले असं म्हणवत नाही, ते गेले. काठी सैल झाली, फिरणं थांबलं, पंखांनी हवा धरली. मग हळूच नाक उचललं, अंडं उचलावं तसं. रान अंगावर येत होतं, ढेकळं मोजता येतील इतकं जवळ. खालून काळी राख उसळली, काचेवर आली... आणि आम्ही वर होतो.

उतरायच्या आधी ऋतुजा एवढंच म्हणाली, "सर, ते आजोबा ढकला-ढकला करत होते ना?"

म्हणजे तिनंही बघितलं होतं. हे लक्षात ठेवा.

उतरल्यावर आमचे मेकॅनिक चाकाजवळ वाकले आणि जळक्या पाचटाची एक काडी काढून माझ्यासमोर धरली. "सर, धावपट्टीवर ऊस कधी लावला?" मी सरळ ऑफिसात गेलो आणि जे झालं ते लिहून दिलं, धोतर आणि तात्या सोडून. लिहिलं की कमी उंचीवर कसरत केली, विमान हातातून गेलं, नशिबानं सावरलं. माझं शिकवणं त्या दिवशी थांबलं. थांबायलाच पाहिजे होतं.

संध्याकाळी मोटारसायकल काढून वस्तीवर गेलो. वाटेत ठरवलं होतं, तात्यांच्या पायावर डोकं ठेवायचं आणि म्हणायचं, तुम्ही रानात उभे होतात म्हणून वाचलो.

दत्तादादा फाटकातच भेटला. रडकुंडीला आलेला आणि चिडलेला. "नंदू, गाढवा, काय केलंस हे! कालव्याकडं खाली गेलास ते दिसलाच न्हाईस! आमी धरून चाललो पडलास म्हणून! बाया रडाया लागल्या!"

"चुकलं दादा. तात्या रानात होते म्हणून..."

"कुठल्या रानात?"

"पेटवलेल्या. धोतर अंथरून उभे होते ना?"

दादानं हाताला धरून मला जिन्यानं वर नेलं. स्लॅबवर धोतर होतं. चार कोपऱ्यांवर चार विटा. "सकाळी सातला मीच आथरलंय," तो म्हणाला, "आन् तात्या दहापासनं मांडवात खुर्चीवर. पोरीला मांडीवर घेऊन. चाळीस माणसं हायती विचारायला."

चाळीस माणसांना विचारायची गरज पडली नाही, कारण बारशाचा व्हिडिओ होता. तो मी किती वेळा बघितला असेल देव जाणे. तात्या खुर्चीत, मांडीवर बाळ. बाळ घेताना दोन्ही हात पुढं करतात, तळवे स्वच्छ दिसतात. मागं माझ्या इंजिनाचा आवाज. पोरं "इमान, इमान!" करत मांडवाबाहेर पळतात. तात्या मात्र उठत नाहीत. ज्या माणसानं हट्ट करून मला बोलावलं, तो वर बघतच नाही. मान खाली, डोळे मिटलेले. डुलकी लागल्यासारखी. मग आवाज एकदम बदलतो, आणि त्याच क्षणी तात्यांच्या मुठी छातीशी येतात आणि पुढं जातात. दोनदा. "सैल सोड!" एवढं मोठ्यानं की कॅमेरा धरणाराही दचकतो. बाळ मांडीवरून घरंगळतं, वहिनी झडप घालून झेलते. काकू ओरडते, "आवो, ध्यान कुठं हाय तुमचं! पोर पडलं असतं की!" कुणीतरी हसतं, "तात्या सपनात गाडी हाकत्यात." बाहेरच्या किंकाळ्या त्यानंतर सुरू होतात. म्हणजे मी पडतोय हे मांडवात कुणाला कळायच्या आधी तात्या ओरडलेत.

त्या रात्री झोप कुठली येणार. सकाळी एकटाच त्या रानात गेलो. राख एका पट्ट्यात उडून लांब फराटा पडला होता, तो माझा. बाकी पायाचा ठसा नाही, विटांची खूण नाही. फराट्यापासून आमच्या मांडवापर्यंतचं अंतर मी पावलांनी मोजलं नाही, पण उभं राहून बघितलं. स्लॅबवरचं धोतर बघून मी तिथं घिरटी मारली असती तर... वर नारळ, खाली चाळीस माणसं, तात्यांच्या मांडीवर चार आठवड्यांचं पोर. मी तिथंच राखेत बसलो आणि रडलो. सांगायला लाज वाटत नाही.

आता तुमचे प्रश्न. मीही विचारलेत. पांढरा बगळा असेल, खताची गोणी असेल, आणि बाकीचं भीतीनं दिसलं असेल — मान्य. भीतीत माणसाला जुनं आठवतं, हात आठवतो — मान्य. ऋतुजानं माझं ऐकून तसंच बघितलं असेल — तेही मान्य. ती आता एका कंपनीत मोठं विमान उडवते, आणि मी विचारलं की दर वेळी तेच सांगते, ढकला-ढकला. तात्यांना स्वप्न पडलं, योगायोग. होतात योगायोग. मी हल्ली जमिनीवरचे वर्ग घेतो, स्टॉल शिकवताना पोरांना दोन्ही मुठी पुढं टाकायला लावतो आणि कारण सांगत नाही. मला कारण माहीत नाही. खरंच नाही.

फक्त एक गोष्ट शेवटाला ठेवली होती. बारशाच्या संध्याकाळी मी पाया पडलो तेव्हा तात्या ओसरीवर बसले होते, मुठी मिटून. काकू वाटीत हळद-तेल घेऊन समोर. "दाव की हात," ती म्हणत होती, "कशानं भाजलं काय म्हायती." तात्यांनी मुठी उघडल्या. दोन्ही तळव्यांवर आडवे वळ. लाल, साल निघालेले. दोर हातातून सर्रकन ओढला गेला की उठतात तसे. पाळण्याच्या दोरीनं झालं का म्हणून मी विचारलं. पाळणा स्टीलचा होता, साखळीचा. मांडवही भाड्यानं, माणसं लावून बांधलेला. कासरा तर वीस वर्षांत त्यांच्या हातात आला नव्हता.

काठी मी ओढत होतो हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. लिहून दिलेल्या कागदातही नव्हतं. ती लाज माझी मीच गिळली होती.

काकू फडकं आणायला आत गेली. तात्यांनी त्या सोललेल्या हातानं माझं मनगट धरलं, जवळ ओढलं आणि हळू आवाजात म्हणाले,

"नंदू... लई वढत व्हतास रं."